चाळीस हात दोर

माझ्या नवऱ्याने एकदा एका अख्ख्या तालुक्याची तपासणी केली. सरकारी कामासाठी नाही की जमिनीच्या दलालीसाठी नाही. जग मोडलं तर बायकोपोरांना कुठे नेऊन ठेवायचं, एवढ्यासाठी. तपासणीचा तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. साफसफाईत हाताला लागला की आजही मी तो घडी न उघडता परत आत ठेवते.

तेव्हा आम्ही बहारीनला होतो. आमचे हे सत्तरच्या दशकात तिकडे गेले आणि लग्नानंतर दोन वर्षांनी, फॅमिली व्हिसा मिळाल्यावर, मी गेले. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात हे शिफ्टवर ऑपरेटर होते. यांचं गाव कोकणात, माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. दोघांचे वडील मुंबईत एकाच मिलमध्ये, म्हणून सोयरीक जमली. नाहीतर कोकण्याने घाटावरची पोर कशाला करावी आणि घाटावरच्याने पोर कोकणात कशाला द्यावी!

आमच्या माणात मुलगी द्यायची तर बायका मुलाचं घर बघायला जात, आणि घरात शिरल्यावर आधी दोर बघत. पाणी शेंदायचा दोर. दावणीला उसनी बैलं आणून बांधता येतात, कणगीत खाली भुसा आणि वर धान्य भरता येतं, पण दोर खोटं बोलत नाही. दोर लांब तेवढी विहीर खोल, आणि विहीर खोल तेवढे पोरीचे हात सोलणार. माझ्या वेळी आईने भर बैठकीत विचारलं, "तिकडं बहारीनला हीर किती हात हाय?" सगळे खो खो हसले. सासरे म्हणाले, "तिकडे नळ आहे हो, विहीर कुठची!" पण निघताना आई माझ्या कानाशी पुटपुटली, "नळाला दोर नसतो बाई. पानी कुठनं येतं, किती हाय, काय कळत न्हाई."

आई अडाणी आहे, असं मला तेव्हा वाटलं. ती शहाणी होती हे कळायला दहा वर्षं लागली.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आखाताच्या वरच्या अंगाला लढाई चालली होती, आणि आम्ही ती पेपरात वाचून बाजूला ठेवायला शिकलो होतो. मुलगी आठ वर्षांची, तिची शाळेची बस सकाळी ईसा टाउनकडे जायची. मुलगा पाच वर्षांचा. बाजारात भाजीला पडवळ मिळालं तर तो सणाचा दिवस. असं सगळं सरळ चाललेलं असताना एका दुपारी हे सकाळच्या शिफ्टवरून टॅक्सीने आले. यांनी टॅक्सी करणं हीच मुळात बातमी होती. डिकीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी. चेहरा पांढराफटक. बूट न काढता हे आत आले आणि घरातले सगळे नळ सोडले.

"काय झालं हो?"

"भांडी दे. आहेत तेवढी सगळी दे."

बाथटब भरला, बादल्या भरल्या, कुकर, पातेली, मुलांच्या शाळेच्या बाटल्या, शेवटी देवातला तांब्यासुद्धा. मग खुर्चीत बसून यांनी सांगितलं. वरच्या समुद्रात तेलाच्या विहिरी फुटल्या होत्या. तेलाचा तवंग वाऱ्याबरोबर खाली सरकत होता. किनाऱ्यावर मेलेली कासवं लागत होती. आणि यांचा कारखाना पाणी ओढत होता त्याच समुद्रातून.

"तेल इनटेकमध्ये, पाणी ओढायच्या तोंडात शिरलं तर प्लांट बंद करावा लागेल," हे म्हणाले. "मग बेटावर पाणी मफी. खलास."

"किती दिवस?"

"कुणाला माहीत!"

मी माणातली पोर. कोरड्या घागरीचा आवाज मी पाळण्यात ऐकलाय. पण माणात पाणी संपलं तर माणूस चालत पुढच्या गावी जातो. इथून चालत कुठे जाणार? चारी बाजूंनी पाणी आणि त्यातला एक घोट पिता येत नाही. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मुलांना जवळ ओढलं, तर मुलगी म्हणाली, "आई, यू आर हर्टिंग मी." दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

पुढच्या शुक्रवारी हे आम्हाला घेऊन जनाबियाकडे गेले. तिथे खजुराच्या एका बागेत गोड्या पाण्याचा जुना झरा आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. झरा म्हणजे दगडी कुंड, आणि तळाशी हिरवट ओल. म्हातारा अरब माळी आपल्या हिंदुस्थानी लोकांच्यात राहून मोडकं हिंदी शिकला होता. कुंडाच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा दाखवत, पाण्याला त्यांच्या बोलीत मोया म्हणत, तो म्हणाला, "पहले इधर मोया. बाद में इधर. अब मफी." यांनी त्याला कुठल्या वर्षी कुठवर पाणी होतं ते खोदून खोदून विचारलं. परक्या मुलखातल्या एका डबक्याची इतकी चौकशी करणाऱ्या या माणसाने पुढे स्वतःच्या गावात काय केलं, ते सांगण्यासारखं आहे.

तवंग आला नाही. वारा फिरला म्हणा, देवाला दया आली म्हणा. नळ एक दिवससुद्धा बंद पडला नाही. बेटावरची माणसं विसरून गेली. आमचे हे मात्र विसरले नाहीत. रात्रपाळी करून आले की दुपारी झोपायचे, आणि दर अर्ध्या तासाने दचकून उठून नळ सोडून बघायचे. धार लागली की परत आडवे व्हायचे. सहा महिने हे चाललं. गालफडं बसली. यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मला आता तेलापेक्षा त्या डोळ्यांची जास्त भीती वाटू लागली.

उन्हाळा संपता संपता यांनी एक कागद तयार केला. कारखान्यात मशीन तपासायचा जसा छापील तक्ता असतो तसा, पण मराठीत आणि हाताने आखलेला. पाणी. जमीन. सरपण. रस्ता. दवाखाना. शेजार. प्रत्येकाला दहापैकी गुण. खाली जाड अक्षरात: 'मशीनशिवाय चालेल काय?'

"गावाला जायचं," हे म्हणाले. "कायमचं. तू आणि मुलं आधी, मी मागून. भात आपला, गाय आपली, विहीर आपली. जगात काय वाट्टेल ते होवो."

गणपतीला रजा घेऊन आम्ही गेलो. कोकणातला माणूस परदेशातून दुसऱ्या कशाला येत नाही, एक वेळ बापाच्या वर्षश्राद्धाला येणार नाही, पण गणपतीला येणार. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं, आणि दुसऱ्याच सकाळी हे कागद, पेन्सिल आणि गाठी मारलेली मोजायची दोरी घेऊन एसटीत चढले. सहा दिवस तालुका पालथा घातला. खाडीकाठची गावं कापली, कारण जिथे समुद्र दिसतो तिथे तेल येतं. हायवेवरची कापली, कारण वाईट काळात रस्त्यानेच माणसं लुटायला येतात. एका गावाची जमीन चांगली, पण भावकीच्या कज्ज्यांपायी शेजाराला शून्य. गावोगावच्या माणसांना वाटायचं, हा सरकारचा माणूस आहे आणि धरण येणार आहे. एका ठिकाणी कोंबडं कापून जेवण घातलं.

आणि सातव्या दिवशी निकाल लागला, पहिला नंबर आमच्याच वाडीचा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी चेष्टा केली तर चिडले नाहीत, उलट मला विहिरीवर घेऊन गेले. जांभ्या दगडाची विहीर, कडेने नेचे उगवलेले, आणि पाणी काठापासून चार हातांवर. वाकलं तर आपला चेहरा दिसावा. यांनी दोरी सोडून मोजलं आणि माझ्यासमोर पाण्याच्या रकान्यात दहा लिहिले.

"चैत्रात कुठवर जातं?" मी विचारलं.

"तुला कुठेही दुष्काळच दिसतो," हे हसून म्हणाले. "कोकण आहे हे. तुझं माण नाही."

घरात थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, एकट्याच राहत. भावजी मुंबईला कामाला. वाडीतल्या सात घरांपैकी चार घरांना कुलूप. आम्ही कायमचे येणार म्हटल्यावर वहिनींना काय करू आणि काय नको असं झालं होतं. माझ्या मुलीच्या वेण्या घालताना गाणं म्हणायच्या. त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी भांडी ठेवायला मागच्या पडवीत गेले. तिथे आढ्याला, सुपांच्या आणि इरल्यांच्या मागे सारून ठेवलेलं एक वेटोळं दिसलं. दोर होता.

मी स्टुलावर चढून तो खाली घेतला. हाताने मापला. जुनी सवय. दहा हात, वीस हात, मध्ये लुगड्याच्या चिंधीची गाठ, मग तीस, मग पुन्हा गाठ. चाळीस हात दोर! पाणी चार हातांवर, आणि घरातला दोर चाळीस हातांचा. टोकाला झिजून काळी पडलेली एक करवंटी बांधलेली. पोहरा जिथे बुडत नाही तिथे पाणी करवंटीने खरवडून भरतात, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तोच दोर घेऊन यांच्यापुढे टाकावा म्हणून मी ओटीवर आले. आले, आणि तशीच मागे फिरले. दोर होता तिथे ठेवून दिला. सुपं होती तशी पुढे सारली. का, ते पुढे सांगते.

आम्ही जानेवारीत वाडीवर राहायला गेलो. मी, मुलगी आणि मुलगा. हे आम्हाला पोचवून आठवड्यात बहारीनला परतले. माझा व्हिसा पासपोर्टवर तसाच होता, पण सहा महिने बाहेर राहिलं की तो रद्द. मग पुन्हा फॅमिली व्हिसा मिळेल न मिळेल. हे म्हणाले, "जाऊ दे रद्द. आता काय करायचाय?" मी मात्र मनात महिने मोजत होते.

फेब्रुवारीत पाणी दहा हातांवर गेलं. जांभा दगड म्हणजे चाळण, वरून पाणी दिलं की खालून गेलं. होळीला वीस. वहिनी रोज सकाळी माझी नजर चुकवत दोरात आणखी एक वेटोळं सोडायच्या. मी काही विचारत नव्हते, त्या काही सांगत नव्हत्या. एका विहिरीवर दोन बायका खोटं धरून उभ्या होत्या. गुढीपाडव्याला पोहरा तळाला आपटला. तो आवाज ऐकला आणि मी माझ्या माहेरच्या विहिरीवर उभी आहे असंच वाटलं.

मग विहिरीत उतरायचं सुरू झालं. भिंतीत पाय ठेवायला खाचा कोरलेल्या होत्या, गणपतीत त्या पाण्याखाली असतात. तळाशी जाऊन पाझराखाली बसायचं, करवंटीने कळशी भरायची, वरून दुसरीने ओढायची. वहिनींचे गुडघे गेलेले, म्हणून मी उतरायची. एका कळशीला पाऊण तास. मुलगा तांबूस पाण्याकडे बघून म्हणायचा, "आई, धिस वॉटर इज ब्राऊन." मी म्हणायची, "गाळून देते, पी." आणि मनातल्या मनात ओरडायची, की अरे, तुझ्या बापाने याला दहापैकी दहा दिलेत!

एका सकाळी मला ताप होता. वहिनी विहिरीवर गेल्या, मुलगी त्यांच्यामागून गेली. थोड्या वेळाने मी तशीच उठून गेले, तर वहिनी काठावर उभ्या राहून दोर ओढत होत्या आणि पोर कुठे दिसेना. "ती उतरली गो," वहिनी म्हणाल्या. "नको म्हटलं तर आयकत नाय. हलकी हा ना, सरसर गेली."

मी वाकून बघितलं. खाली चाळीस हातांवर माझ्या लेकीचं डोकं, नारळाएवढं. आणि भरलेली कळशी निम्म्यावर आलेली. मी "वहिनी!" म्हणेपर्यंत चिंधीची गाठ सुटली.

कळशी खाली गेली. भिंतीवर एकदा आपटली, मग दुसऱ्यांदा. मग काहीच आवाज नाही. मी हाक मारत होते की नुसतं तोंड उघडं होतं, आठवत नाही. किती वेळाने कोण जाणे, खालून तिचा आवाज आला, मराठीत. एरवी मराठी बोलायला कंटाळणारी माझी पोर म्हणाली, "आई, मी आहे."

कळशी तिच्या खांद्याला चाटून गेली होती. ती वर आली, आणि मी तिला मिठी मारायची सोडून थोबाडीत मारली. मग मीच रडत बसले. वहिनी सुटलेला दोर पदरात लपवल्यासारखा धरून उभ्या होत्या.

त्याच दुपारी मी यांना पत्र लिहिलं. विहीर आटली असं लिहिलं नाही, पोर वाचली असंही लिहिलं नाही. लिहायला लागले तर हात थांबला नसता. एकच ओळ लिहिली: 'येताना चाळीस हात दोर आणा.'

हे वैशाखात आले. मुंबईत वाढलेल्या यांनी उन्हाळ्यातलं गाव पहिल्यांदाच बघितलं. खांद्यावर नायलॉनच्या दोराचं जाड वेटोळं होतं, सामान बाकी काही नाही. अंगणात पाऊल टाकलं ते घरात न येता सरळ विहिरीवर गेले. मी ओटीवरून बघत होते. बराच वेळ वाकून उभे होते. परत आले तेव्हा मी त्यांना मुलीचा खांदा दाखवला आणि झालं ते सांगितलं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "व्हिसाचे किती दिवस राहिले?"

"पाच आठवडे."

"चला परत."

परत म्हणजे कुठे? त्याच बेटावर. लढाई तशीच होती, समुद्र तोच होता. तेलाची भीती संपली म्हणून आम्ही परतलो नाही. पळून जायची जागा संपली म्हणून परतलो.

निघायच्या सकाळी यांनी नवा दोर वहिनींच्या हातात दिला. राग आवरत होते, तो शेवटी फुटलाच. "वहिनी, मी गावभर विचारत फिरत होतो, तेव्हा तुम्ही एका शब्दाने का नाही बोललात?"

वहिनी दोरावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगतलं असतं तर आलात असतात काय?"

आम्ही पाया पडलो. वहिनी अंगणाच्या कडेपर्यंत आल्या, मुलीची वेणी उगाच पुन्हा घट्ट केली, आणि मागे वळून घरात गेल्या. एसटी दिसेनाशी होईपर्यंत थांबल्या नाहीत. पाणी भरायचं होतं.

एसटीत मुलं झोपली. यांनी खिशातून तो कागद काढला, पाण्याच्या रकान्यातल्या दहावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चूक माझी. मशीन बंद असताना तपासायला हवं होतं, मी फुल लोडवर असताना तपासलं. पोर गेली असती माझ्यापायी."

मी गप्प बसले असते तर जन्मभर ती चूक त्यांचीच राहिली असती. मला ते सोयीचं होतं. पण पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि तिच्या खांद्यावरचा कळशीचा व्रण माझ्या डोळ्यांसमोर होता.

"मी दोर बघितला होता," मी म्हटलं.

"कधी?"

"गणपतीत. त्याच दुपारी. चाळीस हात भरला. तुम्हाला दाखवायला ओटीवर आणत होते."

यांनी माझ्याकडे बघितलं. "मग?"

"तुम्ही झोपला होता," मी म्हटलं. "तो कागद छातीवर ठेवून. घोरत होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही एवढा वेळ न दचकता झोपला होता. मला उठवायचा धीर झाला नाही."